ज्याच्या हातात ठोकळा

चहा मागवायला म्हणून मी हात वर केला आणि क्लबचा मॉडरेटर झालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या अशाच अंगावर आल्या आहेत, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही.

हा क्लब हौशी वैमानिकांचा. क्लब म्हणजे काय, तर गवताची एक लांबलचक धावपट्टी, भोवती तारेचं कुंपण, एका टोकाला पत्र्याची शेड, दोन माणसं बसतील एवढं एक छोटं विमान आणि ते कसं चालवावं याबद्दल प्रत्येक सभासदाचं वेगळं मत. मी सभासद नाही. मी विमा कंपनीत क्लार्क आहे आणि बल्ब बदलायला स्टुलावर चढलो तरी माझे पाय लटपटतात. सभासद आहे ती माझी बायको. ती दातांची डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडावं पण बोलू नये, ही तिची धंद्यातली सवय (घरातही तिने ती मोडू दिलेली नाही). चाळिशी उलटल्यावर एक दिवस तिने जाहीर केलं की ती विमान शिकणार. मी "बरं" म्हणालो, कारण मी पेपर वाचत होतो.

तर त्या दिवशीच्या बैठकीत सुरक्षिततेवर चर्चा चालू होती, म्हणजे भांडण चालू होतं. फर्निचरवाले म्हणत होते, हेडसर वारा न बघताच उतरतात. निवृत्त झालेले हेडसर म्हणत होते, आधी तुम्ही चष्मा बदला. असं झालं की पुढच्या वेळी कोणाला काही चुकीचं दिसलं तरी तो वाईटपणा नको म्हणून गप्प बसे. विमान शिकवणाऱ्या उस्तादांना याचीच धास्ती होती. चर्चा आवरायला एखादा न उडणारा माणूस हवा, असं ते म्हणाले आणि नेमका तेव्हाच माझा हात वर गेला. टाळ्या पडल्या. चहा काही आला नाही.

एकदा काम गळ्यात पडलं की मी ते जरा जास्तच मनावर घेतो. मी नियम केले. कोणाला काही धोक्याचं दिसलं तर त्याने ते उस्तादांना सांगायचं. उस्ताद सांगणाऱ्याचं नाव गाळून मला कळवणार, आणि तक्रार ज्याच्याविषयी आहे त्याचंही नाव गाळून मी ते क्लबच्या ग्रुपवर टाकणार. बैठकीत सगळे एकदम बोलू नयेत म्हणून आणखी एक युक्ती काढली. शेडपुढची जमीन उताराची आहे, तिथे विमान घरंगळू नये म्हणून चाकांना लाल रंगाचे दोन लाकडी ठोकळे लावतात. त्यातला एक मी उचलला आणि सांगितलं, ज्याच्या हातात ठोकळा तोच बोलणार. उस्तादांनी स्वतःचा एकच नियम जोडला: निकाल लागेपर्यंत विमान जमीन सोडणार नाही.

ठोकळ्याची युक्ती इतकी जमली, की एका संध्याकाळी मी तो घरी नेला. हे मात्र चुकलं. सासूबाईंनी जेवायच्या आधी तो हातात घेतला आणि जेवण आटोपलं तरी खाली ठेवला नाही. आमच्या लग्नापासूनचं सगळं साठलेलं होतं. नियम माझाच होता, त्यामुळे मी मान खाली घालून जेवत राहिलो.

इकडे बायकोचं शिक्षण संपत आलं होतं. येत्या रविवारी ती पहिल्यांदा एकटी विमान नेणार होती, शेजारी उस्ताद नसताना. महिनोन् महिने ती या एका दिवसासाठी राबली होती. रात्री उशीवर डोकं टेकवून ती हवेत बोटांनी न दिसणारी बटणं दाबायची. मला ते बघून कौतुक वाटायचं आणि माझी झोपही उडायची.

मी आपल्या परीने मदत करत होतो. दर रविवारी तिचं विमान उतरायला लागलं की मी कुंपणापाशी उभा राहून तिला दिशा दाखवायचो. आमच्या सोसायटीत कोणाची गाडी रिव्हर्स घ्यायची असली की मलाच बोलावतात. "येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडे, बास," यात माझा हात धरणारं कोणी नाही (शेजाऱ्यांचा बंपर गेला त्यात चूक खांबाची होती). विमान म्हणजे तरी काय, जरा वरून येणारी गाडीच. ती उजवीकडे सरकलेली वाटली की मी डावीकडे हात करायचो, फार वेगात वाटली की दोन्ही तळवे दाबून "हळू, हळू" करायचो, आणि चाकं गवताला लागली की माझ्याच अंगावरचा घाम पुसायचो. तिचं उतरणं दिवसेंदिवस सुधारत होतं. त्यातलं थोडं श्रेय मी मनातल्या मनात घेऊन टाकलं होतं.

रविवार तोंडावर आला असताना उस्तादांचा फोन आला. ते इंधन जपून वापरल्यासारखं बोलतात. "एक तक्रार आहे. विमान उतरताना कुंपणापाशी कोणीतरी हातवारे करतं. चालवणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. टाका ग्रुपवर."

मी संतापलो. माझी बायको वर असताना कोण हा हातवारे करतोय? पण मॉडरेटरने संतापून चालत नाही. मी मजकूर लिहायला बसलो. 'कुंपणापाशी' लिहिलं तर गवत कापणारा ओळखू येईल, कुंपणाकडे तोच असतो. गरीब माणूस, म्हणून कुंपण खोडलं. 'हातवारे' लिहिलं तर सगळे मेकॅनिककडे बघतील, तो हात हलवल्याशिवाय बोलूच शकत नाही. हातवारेही खोडले. शेवटी उरलं ते असं: "विमान उतरताना आपल्यापैकी कोणीतरी असं काहीतरी करतं की त्यामुळे लक्ष विचलित होतं. ज्याचं त्याला कळेल." वाचून मला माझंच कौतुक वाटलं. इतकं निनावी लिखाण क्लबात आजवर झालं नव्हतं.

मजकूर ग्रुपवर टाकला. मग हेडसरांचा फोन आला. खालच्या आवाजात म्हणाले, तुम्हाला कोणी सांगितलं ते विचारत नाही, पण हो, उतरताना मी गातो, आणि तान लांबली की उंचीकडे लक्ष राहत नाही. त्यांना धीर देतोय तोच फर्निचरवाल्यांचा फोन. उतरताना ते स्वतःच्या घराच्या गच्चीचा फोटो काढतात, दर वेळी. मग वकीलबाईंचा. खाली येता येता त्या दुसऱ्या दिवशीच्या केसचा युक्तिवाद मोठ्याने करून बघतात, आणि समोरचा वकील आडवा आला की एक हात विमान वळवायच्या काठीवरून सुटतो. दिवस संपेपर्यंत मेकॅनिक सोडून सगळा क्लब माझ्याकडे कबुली देऊन गेला होता. गवत कापणाऱ्याचा मात्र फोन आला नाही.

शनिवारच्या बैठकीत ठोकळा हातोहात फिरला आणि प्रत्येकाने आपलं पाप सर्वांसमोर सांगितलं. उस्ताद चकित झाले. एवढे धोके त्यांना इतक्या वर्षांत सापडले नव्हते. पण नियम तो नियम. प्रत्येकाशी बोलल्याशिवाय आणि मूळ तक्रारीचा निकाल लागल्याशिवाय उद्या विमान उडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. माझं लक्ष बायकोकडे गेलं. अक्कलदाढ काढताना ती करते तसा चेहरा करून बसली होती.

ती उठली, तिने ठोकळा घेतला आणि म्हणाली, "मूळ तक्रार माझी आहे. मी कुंपणापाशी हातवारे करणाऱ्या माणसाबद्दल सांगितलं होतं. कुंपण कुठे गेलं?"

"नावं घ्यायची नाहीत," मी नियमाप्रमाणे आठवण करून दिली. "आणि काळजी करू नकोस. तो गवत कापणारा आहे, मी त्याला समज देतो."

"गवत कापणारा रविवारी येत नाही," मेकॅनिक म्हणाला.

शेडमध्ये एकच गलका झाला. सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यांना शांत करण्यासाठी माझे दोन्ही तळवे हवेत 'हळू, हळू' करत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मला घरी सांगायचंस," मी म्हणालो.

"तीनदा सांगितलं. तू पेपर वाचत होतास." मग तिने ठोकळा माझ्या हातात दिला. "आता तू बोल."

ठोकळा दिसतो त्यापेक्षा जड असतो. तो हातात आला की खोटं बोलायला जमत नाही, हे मला इतरांकडे बघून कळलं होतं. मी सांगून टाकलं की मला भीती वाटते. ती वर गेली की तिच्यासाठी करता येण्यासारखं खाली काहीच उरत नाही, आणि हात नुसते लोंबकळत ठेवणं मला सहन होत नाही.

कोणी हसलं नाही. बायको म्हणाली, "भीती मलाही वाटते रे. म्हणून तर तुझ्याकडे बघून चालत नाही. पण तू तिथे उभा राहा. नुसता उभा राहा."

उस्तादांनी तिथल्या तिथे निकाल दिला. बाकीच्यांनी आपापल्या खोडी सुटेपर्यंत उस्तादांना शेजारी घेऊनच उडायचं. आणि उद्या विमान उतरेपर्यंत मॉडरेटरने दोन्ही ठोकळे दोन्ही हातांत धरून उभं राहायचं.

रविवारी मी तसाच उभा राहिलो. ती एकटी वर गेली, तळहाताएवढी झाली, वळली आणि गवतावर इतकी अलगद उतरली की मला चाकं लागल्याचा आवाजसुद्धा आला नाही. माझे खांदे भरून आले होते, डोळेही. पण हात मी बोटभरही हलवले नाहीत. ती विमान शेडपुढे घेऊन गेली, इंजिन बंद झालं, सगळे धावले. उस्तादांशी हात मिळवायला ती पुढे झुकली आणि तिचा ब्रेकवरचा पाय निघाला. विमान संथपणे उतारावरून निघालं आणि चहाचं टेबल आडवं करून थांबलं. विमानाला खरचटलंही नाही. चहा मला याही वेळी मिळाला नाही.

ठोकळे लांब कुंपणापाशी होते. माझ्या दोन्ही हातांत, घट्ट.

संध्याकाळी उस्तादांचा फोन आला, एक तक्रार आहे म्हणून. मी कर्तव्याला चुकलो नाही. कुंपण गाळलं, ठोकळे गाळले, आणि ग्रुपवर लिहिलं: "विमान थांबवताना आपल्यापैकी कोणाकडून तरी एक चूक झाली आहे. ज्याचं त्याला कळेल."

या वेळी एकाचाही कबुलीचा फोन आला नाही. ग्रुपवर मात्र सगळ्यांची उत्तरं आली, आणि प्रत्येकाने खाली फक्त माझं नाव लिहिलं होतं. सर्वांत आधी बायकोने, शेजारच्या खोलीतून.