मार्गशीर्षातला आंबा आणि भिवराबाईचे दही

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न असो, चूल तिची आणि चवही तिचीच. शके सोळाशे बहात्तर, प्रमोदनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी एका थोर राज्यात जे वर्तमान घडले ते येथे लिहिले असे. महाराज उदार आणि जिभेचे शौकीन, आणि त्यांच्या मुदपाकखान्यात भिवराबाई म्हणोन वृद्ध बाई, पन्नास वर्षे दह्यास विरजण लावीत आली. थंडीचे दिवसांत दोन चमचे विरजण घालावे, भांडे घोंगडीत गुंडाळावे, तेव्हा कोठे सकाळी दही लागे, आणि मग लागे ते ऐसे की कवड्या पडाव्या. परंतु तीन वर्षांमागे महाराजांचे मनात आले की आंबा मार्गशीर्षात खावा. मग बागेभोवती शेकडो चुली पेटल्या, डोंगरावरील झाडे सरपणास आली आणि आंबा पिकला. तो पाहोन सरदारांनीही आपापल्या बागांत चुली मांडिल्या, कारण महाराजांनी खावे आणि आपण पाहावे हे कोणत्या सरदारास सोसवेल? मग डोंगर बोडका जाहला, ओढा आटला, धूर राज्यावर बसला आणि थंडी वेशीवरूनच माघारी जाऊ लागली. ही वार्ता भिवराबाईस तिच्या भांड्याने प्रथम कळविली. घोंगडी सोडली तरी दही आंबट, विरजण थेंबभर केले तरी आंबट. अखेर मेजवानीत महाराजांनी श्रीखंड मुखी घातले आणि एक डोळा मिटला तो उघडेना.

मुदपाकाचे दारोगा हैबतराव गरजले, "म्हातारीचा हात बिघडला! उद्यापासून हिला मुदपाक बंद."

भिवराबाई बोलली, "दारोगासाहेब, हात तोच आहे, हवा पालटली. एक दूध, एक विरजण, दोन भांडी द्या. एक इथे ठेवते, एक नदीपलीकडच्या देवराईत. तिथे देवाच्या भयानं कुणी कुऱ्हाड घातली नाही. दोन्ही आंबली तर मी आपल्या पायांनी घरी जाईन."

महाराजांनी मान्य केले. सकाळी दोन्ही भांडी आली. वाड्यातले चाखिले, पुन्हा डोळा मिटला. देवराईतले चाखिले, दोन्ही डोळे उघडले.

"वा! तर मग दरबारच देवराईत हलवा," महाराज बोलिले, "आणि चुलीही तिकडेच न्या."

सरदारांनी "वाहवा" केली. भिवराबाईने कपाळास हात लाविला. "अहो महाराज, मग तिथलंही आंबेल! आपल्याला गोवर आला होता तेव्हा माझ्याच दहीभातावर आपण उठून बसलात, म्हणून विचारते. खरं सांगा, हा मार्गशीर्षातला आंबा लागतो कसा?"

महाराजांनी सभोवार पाहिले, मग हळूच बोलिले, "धुरकट लागतो."

"मलाही!" हैबतरावांचे तोंडून निघोन गेले. आणि मग सरदार एकेक करोन कबूल जाहले की तीन वर्षे धुराची फोड गिळतो आणि गोड म्हणतो. तेव्हा महाराज इतके हसले की पगडी सावरावी लागली, आणि तेच दिवशी चुली विझविण्याचा आणि डोंगरावर रोपे लावण्याचा हुकूम सुटला. भिवराबाईचा मुदपाक कायम राहिला, वर बक्षीस काय पाहिजे म्हणोन विचारिले.

"भांड्याला नवी घोंगडी द्या. जुनीला कसर लागली."

"या उकाड्यात?" हैबतराव हसले.

"डोंगर एका हुकमानं उघडा होतो, दारोगासाहेब, भरत नाही. थंडी परतेल तेव्हा घोंगडी मला लागली नाही, तर माझ्यामागून विरजण लावील तिला लागेल."

येणेप्रमाणे हकीकत जाहली. आंबा वैशाखात परतला, त्यास धुराचा वास नाही. डोंगरावरील रोपे गुडघाभर आली. घोंगडी फडताळात घडी घालोन आहे, आणि भिवराबाई दर मार्गशीर्षात सकाळी तिजला ऊन दाखवोन पुन्हा ठेविते.