त्रेचाळीस नंबरची विद्यार्थिनी

टायरच्या गोदामात त्याला सगळे 'धाकटे साहेब' म्हणत. गेली अकरा वर्षं म्हणत होते. थोरले साहेब मार्चमध्ये निवृत्त होणार होते, आणि त्यांची खुर्ची मॅनेजमेंटचा डिप्लोमा असलेल्यालाच मिळेल, असं कंपनीने कळवलं होतं. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याने बिझनेस स्कूलच्या पार्ट-टाइम कोर्सला नाव घातलं. दर शनिवारी तीन तास. 'नोकरी सांभाळून शिका,' असं जाहिरातीत होतं. नोकरीला मात्र हे कोणी कळवलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात हुकूम आला की यापुढे टायरांची मोजणी शनिवारी सकाळी होईल.

"हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत," त्याने जेवताना जाहीर केलं.

"मग कोणालातरी पाठव," मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली.

कल्पना वाईट नव्हती. सर नुसते नंबर पुकारत आणि रजिस्टरमधून डोकं बाहेर काढत नसत. त्रेचाळीस म्हटल्यावर कोणीतरी 'हजर' म्हणायचं, संपलं. पण बायकोची शनिवारी दवाखान्यात ड्यूटी. मुलगी म्हणाली, "मी माझ्याच कॉलेजात जात नाही, तुझ्या कशाला जाऊ?" उरली आई.

आई बहात्तर वर्षांची. हॉस्पिटलच्या धुलाई विभागाची निवृत्त प्रमुख. तीस वर्षं तिने चादरी मोजल्या आणि माणसं दटावली. निवृत्तीनंतर चादरी तिकडेच राहिल्या. (दटावणं घरी आलं.)

"नुसतं हजर म्हणायचं आणि मागे बसायचं," त्याने समजावलं.

"आणि तीन तास करू काय?"

"काही नाही."

इथेच घोडं पेंड खात होतं. काहीही न करणं ही एकच गोष्ट आईला जन्मात जमली नव्हती.

पहिल्या शनिवारी ती खुशीत परतली. "फळा किती कळकट. पुसून घेतला."

"कोणाकडून?"

"सरांकडून."

दुसऱ्या शनिवारी तिने वर्गातले सगळे मोबाइल एका कापडी पिशवीत गोळा करून मांडीवर ठेवले. सरांचाही. तिसऱ्या शनिवारी सर मालाचा साठा कसा ठेवावा हे सांगत होते. आईने विचारलं, "तुम्ही स्वतः कधी काही मोजलंय का हो?" सर नाही म्हणाले. "मग बसा जरा," आई म्हणाली. ते बसले. पुढचे दोन तास चादरींवर झाले.

"आई, तू गप्प बसणार होतीस," तो कळवळला.

"बाबा, तिला अडवू नकोस," मुलगी म्हणाली. "आजीला छळायला साठ माणसं मिळालीत. घर कसं शांत आहे. तू नापास झालास तरी चालेल."

तोही मनातून खूश होता. हजेरी शंभर टक्के. अभ्यास काय, आदल्या दिवशी करता येतो.

परीक्षेला आठवडा असताना पत्र आलं. क्रमांक त्रेचाळीसने पालकांना घेऊन यावे.

रजा काढून तो आईसोबत गेला. सरांनी प्रथमच मान वर केली. त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि याच्याकडे पाहिलं.

"आपण?"

"मी... त्रेचाळीस."

"त्रेचाळीस या आहेत." त्यांनी हॉलतिकीट पुढे सरकवलं. त्यावर आडनाव होतं, नावाचं पहिलं अक्षर होतं (दोन्ही मायलेकांची सारखीच) आणि आईचा फोटो होता.

"आई, फोटो?"

"वर्गात क्लार्क मागायला आला. मागितल्यावर नाही म्हणायचं का?"

खरं सांगावं तर दुसऱ्याने हजेरी लावल्याबद्दल नाव कापलं जाणार. न सांगावं तर खुर्ची जाणार.

"तुम्ही यांचे कोण?" सरांनी विचारलं.

"मुलगा," आईनेच सांगून टाकलं. "घरात माझ्यावर लक्ष ठेवणारा हाच. तसा साधा आहे."

"मग पालक म्हणून इथे सही करा. विद्यार्थिनी शिक्षकांना खाली बसवणार नाही, पिशवी आणणार नाही. वागणूक सुधारली नाही तर तुम्हाला परत बोलवावं लागेल."

त्याने सही केली. आधी ती 'विद्यार्थी' लिहिलेल्या जागी झाली, मग खोडून खाली केली; सरांना दया आली. "काळजी करू नका," ते म्हणाले, "पहिल्या पिढीतल्या पालकांचं असं होतं."

परीक्षेच्या दिवशी तो बाहेरच्या बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसला होता. थोरल्या साहेबांची खुर्ची आता कोणाला मिळणार, याचा तो हिशेब करत होता. तीन तासांचा पेपर आई दीड तासात देऊन बाहेर आली. घटाघटा पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली. "पेपर सोपाच होता. पण तुला नसता जमला."