देवरावभाऊंचा मास्क कुठून गळतो?

देवरावभाऊंना सकाळी कोणी विचारलं, "काय भाऊ, झोप झाली का?" तर ते हो किंवा नाही असं उत्तर देत नाहीत. ते गंभीरपणे सांगतात, "डाव्या बाजूनं गळून राहिलं होतं." नवा माणूस हे ऐकून जरा लांब सरकतो. गल्लीतल्या आम्हा जुन्या लोकांना मात्र ठाऊक असतं, की गळत होता तो मास्क.

देवरावभाऊ माझे शेजारी; मी शाळेत मास्तर. पांढुर्ण्यात त्यांचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, आणि अर्धं आयुष्य संत्र्याच्या बागांत नळ्या जोडण्यात गेलंय. त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला. त्याआधी ते दुकानात भाव करता करताच घोरायला लागत. गिऱ्हाईक त्याला नकार समजून आपणच भाव वाढवून देई. एकदा तर तिगावच्या रेल्वे फाटकाशी मोटारसायकलवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. फाटक उघडलं, पुन्हा लागलं, मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून सोडून दिलं.

मग नागपूरच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. रात्रभर नाकावर मास्क, मास्कमधून हवा. "हवा गळली तर मशीनचा फायदा नाही, आणि तुमच्या हृदयावर आताच ताण आहे," असं त्यांनी बजावलं. मशीन लावून द्यायला आलेल्या बाईंनी देवरावभाऊंच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, मिशी काढा. तिच्यामुळेच मास्क बसत नाही."

ती मिशी म्हणजे वरच्या ओठावर दाट छप्पर होतं. देवरावभाऊ म्हणाले, "ते सोडून दुसरं सांगा." बाईंनी नाकपुड्यांत बसणारा मास्क आणून दिला, तर त्यानं नाक सोलून निघालं. शेवटी पहिलाच मास्क परत आला, आणि गळती हातात घेतली खुद्द देवरावभाऊंनी.

"लीकेजच हाय ना? आपला तर धंदाच हा हाय," ते मला म्हणाले. पहिल्यांदा त्यांनी मास्कच्या कडेला टेफ्लॉन टेप गुंडाळला. मग सायकलच्या ट्यूबचं वायसर कापून बसवलं. मग मिशीला खोबरेल चोपडलं, तेव्हा मास्क घसरून कपाळावर गेला आणि रात्रभर टकलाला वारा घालत बसला.

कहर झाला तो एका दुपारी. गळती नेमकी कुठे आहे हे पाहायला त्यांनी पंक्चरवाल्याची युक्ती केली. मास्क लावला, मशीन सुरू केलं, कडेनं साबणाचं पाणी लावलं आणि हातात आरसा धरून बुडबुडे बघत खाटेवर आडवे झाले. झोप लागायची ती लागलीच. कमलवहिनी चहा घेऊन आल्या, तर नवऱ्याच्या तोंडाभोवती फेस. आमच्या कपाशीच्या मुलखात फेस दिसला की फवारणीच्या औषधाशिवाय दुसरं काही मनात येत नाही. वहिनींनी हंबरडा फोडला. अख्खी गल्ली धावली. कोणी कांदा फोडला, कोणी चप्पल हुंगवायला पुढे केली आणि नाकावर मास्क असल्यानं ती कुठे लावावी म्हणून खोळंबला. आम्ही खाट उचलून ऑटोपर्यंत नेली, तेव्हा फेसातून आवाज आला, "अबे, वरून गळून राहिलं. मिशीपाशी. सापडलं लीकेज."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, मशीन लावूनबी ह्यांचा श्वास अटकते. मी जागी बसून आयकत राह्यतो. तुमी सांगा न त्याईले."

मला राग आला. मी तडक जाऊन विचारलं, "भाऊ, मिशी मोठी की जीव?"

ते इकडेतिकडे पाहत म्हणाले, "ऐतवारी बोरगावले चाला माह्यासंगं. मंग बोला."

बोरगावला त्यांचे वडील धाकट्या भावाकडे असतात. नव्वदीचे, डोळे पार गेलेले. वाटेत देवरावभाऊंनी एकदाचं सांगितलं, "मास्तर, आपल्यात बाप जिता असताना मिशी काढत नाही. बाप गेल्यावरच काढतेत. माह्या बुढ्याले दिसत नाही, तो मले मिशीवरून वयखते. हाताले मिशी लागली नाही, त त्याले वाटंन, आपनच मेलो."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. इतके दिवस मी त्यांना नटवा समजत होतो.

ओसरीवर म्हाताऱ्यानं हात पुढे केला. तो कपाळावरून, नाकावरून मिशीवर आला. "देवा आला," म्हातारा म्हणाला आणि हसला. देवरावभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पाहा, म्हणून.

मी पाहिलं, आणि म्हाताऱ्याला सगळं सांगून टाकलं. आजार, मशीन, मिशी, वहिनींचं जागरण, सगळं. देवरावभाऊ "मास्तर, मास्तर" करत राहिले.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग धाकट्याला म्हणाला, "कटिंगच्या दुकानातून तो दाढीवाला बलाव."

दाढीवाला आला, पण वस्तरा हातात घेऊन थबकला. "बावाजी, तुमी जिते असताना कसा चालवू?"

"मी जिता हाय म्हनूनच सांगून राहिलो," म्हातारा म्हणाला. "मिशी घेऊन काय करू? मले पोरगा पायजे."

मिशी गेली. देवरावभाऊंचा चेहरा एकदम परका दिसायला लागला. म्हाताऱ्यानं पुन्हा हात पुढे केला. कपाळ, नाक आणि मग तो उघडा ओठ. तिथे बोटं थांबली. आम्ही सगळे श्वास रोखून होतो.

"बारका होता तवा असाच होता," म्हातारा म्हणाला.

साठी उलटलेला माणूस, पण खाटेच्या कडेशी गुडघे टेकून, चेहरा वर धरून, बापाचा हात निघेपर्यंत तसाच बसून राहिला.