पायगोंडाचं जुनं मशीन

आमच्या शेजारचा पायगोंडा आपलं काम बाहेर सोडायचं असलं की त्या दिवशी अन्नाला शिवत नाही. काम सुटल्यावरच जेवणार म्हणतो. त्यात माणूस जैनाचा, दिवस मावळल्यावर खाणार नाही. म्हणजे काम लांबलं की गडी सकाळपर्यंत उपाशी. पन्नाशीचा एकटा जीव, त्याला सांगणार कोण?

त्याचं काम म्हणजे कंप्युटरच्या पडद्यावर आपली मराठी-कानडी अक्षरं नीट जोडून दाखवायची. मी चौथी नापास, पण एवढं त्यानं समजावलं आणि मला समजलं. हे तो फुकट वाटतो. जगातले लोक ते उचलून आपापल्या कामात बसवतात. दुरुस्त्या झाल्या की नवी आवृत्ती काढून बाहेर सोडतो, तिला टिंबांनी जोडलेले दोन-तीन आकडे देतो. शेवटचा आकडा वाढला, म्हणजे किरकोळ दुरुस्ती, तर खूश. पहिला वाढवायची वेळ आली की सुतकी तोंड. "तात्या, पयला आकडा वाढला म्हंजे कुणाचं तरी चालतं काम मोडणार." प्रत्येक आवृत्ती तो घरातल्या तऱ्हेतऱ्हेच्या कंप्युटरांवर चालवून बघतो. त्यातला एक तर इतका जुना, की भंगारवालाही हात लावायचा नाही.

गेल्या महिन्यात त्यावरनंच पेटलं. हे काम त्याच्याबरोबर करणारे परदेशातले गडी म्हणाले, जुन्या मशीनची भानगड बंद. उद्या संध्याकाळपर्यंत नवी आवृत्ती त्याच्यावर चालवून दाखव, नाहीतर आम्ही ते वगळून पुढं जातो. त्या मशीनला सगळी तपासणी करायला दोन-अडीच तास लागतात. मध्येच बंद पडलं की पहिल्यापासनं. आणि माझी पिठाची गिरणी सुरू झाली की गल्लीतले दिवे नुसते डोळा मारतात, ते मशीन मात्र मान टाकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पायगोंडा दारात. "तात्या, आज गिरणी बंद ठेवा की."

"महापुरात पाणी जोत्याला लागलं तवाच थांबली ही. तुझ्यासाठी थांबवू व्हय?"

गेला बिचारा. मी गिरणी लावली. दुपार कलल्यावर परत आला आणि पायरीवर बसला. "दोनदा बंद पडलं तात्या. आता एकदाच हुईल, तेवढाच दिवस ऱ्हायलाय."

शेवंता डबा घेऊन रांगेत होती. ती कडाडली, "पायगोंडा, घरात पावणं बसल्यात आन पीठ न्हाय. त्यांच्या ताटात तुझा कंप्युटर वाढू व्हय?"

"किती लोक वापरत्यात रं ते मशीन?" मी विचारलं.

"मला ठावका हाय असा एकच."

"एकासाठी एवढं?"

"त्या एकाचं तर सगळंच मोडंल की, तात्या."

त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पण कुणी सांगितलं म्हणून गिरणी बंद करणं माझ्या रक्तात नाही. मी मोटार थांबवली, पट्टा खाली ओढला आणि ओरडलो, "पट्टा घसरलाय! उद्या या!"

शेवंतानं पट्ट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "व्हय. म्हातारपणी लई कायबाय घसरतंय," म्हणाली आणि डबा उचलून गेली.

मी पायगोंडाच्या घरी जाऊन बसलो. पडद्यावर ओळी मुंगीच्या चालीनं सरकत होत्या. चुलीजवळ भात झाकून ठेवलेला.

"दोन घास खाऊन घे लेका, उजेड हाय तवर."

"झाल्यावर."

ऊन भिंतीवरनं कौलावर चढलं. पलीकडं कुणाचा तरी मिक्सर गुरगुरला. पडदा थरथरला. पायगोंडानं माझं मनगट आवळलं. मिक्सर थांबला, पडदा टिकला.

शेवटची ओळ आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. त्यानं परदेशात कळवलं. तिकडनं होकार आला. जुनं मशीन राहिलं, आवृत्ती सुटली. भात तसाच.

"तो एक कोण रं?" मी विचारलं.

"नाव बी धड म्हाईत न्हाय. लई वर्सामागं त्यानं लिवलं हुतं, पोरगी ह्या मशीनवर वाचाय शिकतीया, तुमची अक्षरं तुटत्यात. मी जोडून दिली."

"मग काय म्हणाला?"

"काय न्हाय. परत लिवलंच न्हाय."

"आरं, पोरगी एव्हाना नांदाय गेली आसंल. मशीन भंगारात."

"न्हाय तात्या. मोडलं की लोक लिवत्यात. चालतंय तवर कोण कशाला लिवंल?"

अंधार पडला तरी आम्ही दोघं त्या पडद्यासमोर बसून होतो. कुणाचंच काही लिहून आलं नाही. पायगोंडा मोठ्या समाधानात होता.