कोरड्या बुटाचा नियम

नदी एवढी रुंद होती की अलीकडून पाहिलं तर पलीकडची म्हैस उंदराएवढी दिसे. जंगलातून येताना ती झाडं, गाळ, अख्खी बेटं बरोबर आणी आणि वाटेल तिथे टाकून पुढे जाई. अशा बेशिस्त नदीची हद्द ठरवायचं काम मोजणी खात्याच्या एका मोजणीदारांकडे होतं. खात्याचा नियम एकच होता: मोजणीदाराचा बूट कोरडा राहतो ती जमीन, भिजतो ती नदी. मोजणी मात्र उन्हाळ्यातच करायची, कारण पावसाळ्यात बूट खराब होतात.

साहजिकच दर उन्हाळ्यात नदी अंग चोरून बसे आणि जमीन वाढे. वाढलेल्या जमिनीवर वसाहत झाली. उभा जन्म भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या मोजणीदारांनाही तिथे घर मिळालं. त्यांच्या बायकोने हौसेने खिडकीत कुंड्या मांडल्या.

"अहो, पण नदी परत आली तर?"

"येईल कशी? तिची हद्द मी स्वतः आखलीय!"

पाऊस लागला आणि नदी आली. दिवाणखान्यात मासे फिरू लागले. मोजणीदारांनी टेबलावर चढून साहेबांना फोन लावला.

"साहेब, नदी घरात शिरलीय!"

"सरळसरळ अतिक्रमण! नोटीस द्या."

"कुणाच्या हातात देऊ?"

"पाण्यात सोडा. पोचेल तिला."

नोटीस सोडायला मोजणीदार खाली उतरले आणि त्यांचा चेहराच उतरला. बूट भिजले होते.

बायको टेबलावरून बघत होती. "म्हणजे नियमाने आता आपण कुठे?"

"नदीत."

"मग अतिक्रमण कुणाचं?"

अतिक्रमण म्हणून घर पाडावं लागणार होतं. मोजणीदारांनी रडवेल्या आवाजात साहेबांना सांगितलं. साहेबांचा बंगला पलीकडच्याच गल्लीत होता.

"बूट काढा!"

"काढले."

"वरच्या फळीवर ठेवा. वाळले की सांगा."

दुपारी मोजणीदारांनी कळवलं, "वाळले, साहेब."

"मग जमीनच आहे ती! तसा अहवाल द्या."

घर वाचलं. तेव्हापासून वसाहतीत सगळेच बूट वरच्या फळीवर ठेवतात. गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून शेजारी एकमेकांना हसत सांगतात, "आमच्याकडे अगदी कोरडं आहे हो!"

तुम्हाला हसू येतंय? हसा, खुशाल हसा. फक्त एकदा बघून या, तुमचे बूट कुठे आहेत?