आधी व्याख्या करा

आमच्या डोंबिवलीत दूधवाल्याला सगळे भाव विचारत. शेजारचे भाऊकाका आगाशे त्याला न्याय म्हणजे काय, ते विचारत.

“मापात दूध घालणं,” तो एकदा म्हणाला.

“आणि पाणी घातलेलं दूध मापात घातलं तर?”

“काका, उद्यापासून भांडं बाहेर ठेवत जा,” म्हणून तो सटकला.

भाऊकाका आंबिवलीच्या एका कारखान्यात टाइमकीपर. रद्दीत त्यांना प्राचीन ग्रीकांच्या नीतिविचारांवरचं इंग्रजी पुस्तक सापडलं, आणि तेव्हापासून त्यांनी आळीत कुणाच्याही आत्म्याला स्वस्थता लाभू दिली नाही. ‘आधी व्याख्या करा’ हे पालुपद. भित्रेपणा आणि आडदांडपणा यांच्या मधोमध शौर्य असतं, असं वाचल्यावर ते घरमालकाच्या कुत्र्यापुढे मधोमध उभे राहिले. कुत्र्याने एक टोक धरलं, धोतराचं.

मी ठाण्याच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून अडलेले शब्द घेऊन ते माझ्याकडे येत. मी फार बोलत नसे. ते त्यांना सोयीचं असावं.

मला बघायला कल्याणची मंडळी आली. वडील नाहीत, म्हणून आईने बैठकीला भाऊकाकांना बसवलं. अट एकच, प्रश्न विचारायचे नाहीत.

माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं. पण मी खाली मान घालून बसले.

“शिक्षण आता पुरे,” मुलाची आई म्हणाली. “आमच्याकडे सुखात राहील.”

भाऊकाकांनी बराच वेळ दम धरला.

“सुखात म्हणजे?”

“म्हणजे काय? घर आहे, नोकरी आहे.”

“ते तुमच्या मुलाचं झालं. हिचं सुख कशात, ते हिला विचारलंत?”

“आम्ही मुलगी बघायला आलोय,” मुलाचे वडील म्हणाले, “परीक्षा द्यायला नाही.”

पाच मिनिटांत मंडळी स्टेशनच्या रस्त्याला लागली. आई भाऊकाकांशी बोलेनाशी झाली.

दोन दिवसांनी मी त्यांचं पुस्तक द्यायला गेले. दारातच, कसं कोण जाणे, मीच विचारलं, “काका, आईला कबूल केलं होतंत ना?”

ते चष्मा पुसत राहिले.

“माझ्या ताईला असेच बघायला आलेले,” ते म्हणाले. “तीही तुझ्यासारखीच, गप्प. सुखात राहील म्हणाले. दोन वर्षांत गेली. मी तेव्हा वीस वर्षांचा, तिथेच बसलेलो.”

“तुम्ही काही विचारलं नाहीत?”

“विचारलं ना. अजून पोहे आहेत का, म्हणून.”