काशीमायची नातवंडं

काशीमाय माळणीला नातवंडं किती, हे अमरावतीत कोणालाच सांगता आलं नसतं. माझ्या ओट्यावर भाजीची टोपली उतरवायला आली की मागून हमखास नवंच पोर यायचं. एक तेलुगू बोलायचं, एक निमाडी, एक नुसतंच डोळे वटारून बघायचं. "हा कोण गं?" विचारलं की म्हणायची, "माहा नातू व्हय. दिसत नाई का?"

दिसायचा तर मुळीच नाही.

त्या दिवसांत दूरदेशी कुठेशी लढाई लागली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाडीवाल्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. सरकी काढायला, गठ्ठे बांधायला चहूकडून माणसं आली आणि गावाबाहेर झोपड्या टाकून राहिली. ती माणसं सगळ्यांना हवी होती, त्यांची पोरं मात्र कोणालाच नको होती. सरकारी शाळेच्या मास्तरांनी तर नियमच काढला, की गावात ज्याचं नात्याचं माणूस आहे त्याच मुलाला शाळेत घेणार. का, तर भाव उतरला की ही पोरं निघून जातील आणि शाळेचा पट रिकामा पडेल.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आम्ही तरी कुठले इथले? यजमानांना कचेरीत नोकरी लागली म्हणून साताऱ्याहून आलो. गावात काळं कुत्रं आम्हांला ओळखत नव्हतं. तरी आमच्या दत्तूला मास्तरांनी पहिल्याच दिवशी पुढे बसवला. कचेरीतल्या माणसाला नातलग लागत नाही म्हणे! मेला कसला तो नियम!

काशीमाय एके सकाळी सगळी पलटण घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. दत्तूला पोचवायला गेलेली मी तिथेच होते.

"हे समदे माहे नातू. घ्या आत."

"म्हातारे, हा तर तेलंगणातला आहे."

"माही लेक तिकडं देली."

"आणि हा निमाडचा?"

"दुसरी तिकडं देली."

"आणि हा? हा तर मुसलमान आहे!"

काशीमायने त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "तो मानलेला हाय. मानलेलं नातं तुमच्या पुस्तकात नाई का, मास्तर?"

मास्तरांनी सगळ्यांना हाकलून दिलं. मला तर त्यांची शेंडी धरून ओढावीशी वाटली.

काशीमाय तिथून थेट बाजारात गेली. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या घरची भाजी बंद झाली. बाजारातल्या साऱ्या माळणी तिच्या शब्दातल्या. मास्तरीणबाईंनी वांग्याला हात लावला की माळीण विचारायची, "गावात तुमचं नात्याचं कोन हाय, बाई?" मास्तर कोकणातले. नातलग आणणार कुठून? चार दिवस वरणभात झाला, मग पिठलं, मग पुन्हा वरणभात. अखेर मास्तरीणबाईंनीच घरात असं काही रणकंदन मांडलं, की सोमवारी झाडून सगळी पोरं वर्गात बसली.

मला तर पेढे वाटावेसे वाटले. शाळेच्या भिंतीपाशी काशीमाय टोपली घेऊन बसली होती. आत पाढ्यांचा गलका चालला होता.

"जिंकलीस की गं!" मी म्हटलं.

ती हसली नाही. "बाई, माहा लेक कापसाच्या गाड्यांसंगं ममईले गेला. तिकडंच राहून राहिला. त्याले पोट्टं झालं, असं गाडीवाले सांगते. शाळेत जायाएवढं झालं असन आता. म्या काई पाह्यलं नाई."

टोपलीतली कोथिंबिरीची जुडी ती उगाच सोडत-बांधत राहिली.

"तिकडच्या मास्तरानं बी इचारलं असन ना त्याले, तुह्यं इथं कोन हाय म्हून? तवा कोनी बाई उभी राह्यली असन का वं त्याच्यासाठी?"

"राहिली असेल," मी म्हटलं. "नक्की राहिली असेल."

मुंबई मी जन्मात पाहिलेली नव्हती.